रोहिणीचे पाणी : उताऱ्यातील संघर्ष कोठे असतो?



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांतून आणि वस्तीवस्तीतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. पहिल्या काही दिवसांतच रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग येतो. वाचन संपल्यावर कोणाला विचारले की आज काय ऐकलेत, तर उत्तर ठरलेले असते : शाक्य आणि कोलीय पाण्यावरून भांडले, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, म्हणून त्याला घर सोडावे लागले. उत्तर चूक नाही. पण त्या उताऱ्यात जे आहे त्यापैकी फारच थोडे या उत्तरात आलेले आहे.

याचा दोष ऐकणाऱ्याला देता येणार नाही. शाळेत आपल्याला वाचायला शिकवले तेच असे. 'खालील उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा.' कोण भांडले? कशावरून भांडले? शेवटी काय झाले? तीन ओळींची तीन उत्तरे लिहिली की पाच पैकी पाच गुण. परंतु भांडण ही एक गोष्ट आहे आणि संघर्ष ही वेगळी गोष्ट आहे. भांडण डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते. संघर्ष मात्र तेथे असतो, जेथे उताऱ्यातील एखाद्या माणसाला दोहोंतून एक निवडावे लागते, आणि कोणतेही निवडले तरी काही तरी गमवावे लागते. ते स्थान सापडल्याशिवाय उताऱ्याचा अर्थ हाती लागत नाही. पुष्कळदा तर मोठा आवाज एकीकडे असतो आणि खरा संघर्ष दुसरीकडे, एखाद्या शांत वाक्यात दबून बसलेला असतो. रोहिणीच्या प्रसंगात नेमके हेच आहे. म्हणून तो प्रसंग आपण येथे थोडा सावकाश वाचू या.

प्रथम जुनी कथा पाहू. ती कुणाल जातकाच्या प्रस्तावनेत आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत आलेली आहे. शाक्यांचे कपिलवस्तू आणि कोलीयांचे नगर यांच्या मधून रोहिणी वाहते. तिच्यावर एकच बांध घातलेला आणि दोन्हीकडची शेती त्याच पाण्यावर. ज्येष्ठ महिना आला, पिकांनी माना टाकल्या, तेव्हा दोन्हीकडचे दास आणि मजूर बांधावर जमले. कोलीयांकडचे म्हणाले की पाणी दोघांना पुरणार नाही. आमचे पीक एका पाण्यावर निघेल, तेव्हा ते आम्हाला घेऊ द्या. शाक्यांकडच्यांनी विचारले की तुमची कोठारे भरल्यावर आम्ही काय सोनेनाणे आणि टोपल्या घेऊन तुमच्या दारात उभे राहायचे? आमचेही पीक एकाच पाण्यावर निघणार आहे.

येथपर्यंत भांडण पाण्याचे आहे आणि दोघेही खरे बोलत आहेत. ज्याने उन्हाळ्यात शेत पाहिले आहे त्याला कोणाही एकाला खोटे म्हणता येणार नाही. पण पुढे काय होते ते पाहा. कोणी तरी हात उगारला, दुसऱ्याने उलटून मारले, आणि त्यानंतर जी तोंडे सुटली ती पाण्याविषयी बोलत नव्हती. ती कुळाविषयी बोलत होती. एक बाजू म्हणाली, तुमचे पूर्वज कुत्र्या-कोल्ह्यांप्रमाणे आपल्याच बहिणींशी संसार करणारे. दुसरी म्हणाली, तुमचे पूर्वज बोरीच्या झाडात राहणारे कुष्ठरोगी. पाण्याच्या वादात जन्म कोठून आला? बांधावरचे पाणी तर कोणाच्या जन्माची चौकशी करीत नव्हते! अट्ठकथाकाराने यावर काही भाष्य केलेले नाही, नुसती शिवी नोंदवून तो पुढे गेला आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी गावच्या विहिरीपासून दूर उभे राहून घागर भरून मिळण्याची वाट पाहिली, त्या वाचकाने मात्र येथे थांबलेच पाहिजे. पाण्याचा वाद जन्मावर जाण्यास किती वेळ लागतो हे या कथेने फार पूर्वी लिहून ठेवले आहे.

मजुरांनी ही शिवी आपल्या अधिकाऱ्यांना सांगितली, अधिकाऱ्यांनी राजकुलांना सांगितली, आणि दोन्हीकडचे क्षत्रिय शस्त्रे घेऊन नदीवर आले. तेथे भगवान बुद्ध येतात आणि विचारतात की हे भांडण कशाचे? मग कथेतील सर्वांत मार्मिक भाग येतो. वरच्यांना सांगता येत नाही! ते सेनापतीला विचारतात, सेनापती उपराजाला विचारतो, असा प्रश्न एकेक पायरी खाली उतरत अखेर दास-मजुरांपर्यंत पोहोचतो. तेव्हा उत्तर मिळते : भन्ते, पाण्याचे. मग भगवान विचारतात की पाण्याचे मोल किती? अल्प. आणि क्षत्रियांचे? अमोल. तर अल्पासाठी अमोलाचा नाश करणे तुम्हाला योग्य वाटते काय? शस्त्रे खाली येतात. धम्मपदातील सुखवग्गाच्या पहिल्या तीन गाथा अट्ठकथेने याच प्रसंगाशी जोडल्या आहेत.

कथा सुंदर आहे. पण आपला प्रश्न तिला लावून पाहा. येथे निवड कोणाला करावी लागली? भगवंतांना नाही. ते सर्वांना पूज्य आहेत, बाहेरून आले आहेत, त्यांचे कोणी काही हिरावून घेऊ शकत नाही. लढणाऱ्यांनाही फारशी नाही. एका प्रश्नाने त्यांचे डोळे उघडले. किंमत कोणीच दिली नाही. म्हणून या कथेत भांडण मोठे आहे, बोध मोठा आहे, पण संघर्ष लहान आहे. तिचा अर्थ विसरण्याविषयी आहे : भांडण जसजसे वर चढते तसतसे त्याचे कारण खालीच राहून जाते.

आता बाबासाहेबांच्या ग्रंथाकडे वळू. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले आणि मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत, आणि त्यांतील पहिलाच प्रश्न सिद्धार्थाच्या परिव्रज्येचा आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून त्याने गृहत्याग केला असे परंपरा सांगते. बाबासाहेब विचारतात की २९ वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटते काय?

यावर आजही कोणी कोणी म्हणतात की बाबासाहेबांनी पदरचे रचले. हा आक्षेप फार वेळ खाण्याच्या योग्यतेचा नाही. चार दृश्यांची कथा दीघनिकायातील महापदान सुत्तात आहे खरी, पण तेथे ती विपस्सी बुद्धाची म्हणून सांगितलेली आहे. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात भगवान स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात, तेव्हा रथ, सारथी, दृश्ये यांपैकी काही नाही. आईवडील रडत असताना आपण तरुणपणी घर सोडले एवढेच आहे. आणि सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात ते सांगतात की हाती दंड घेण्यातूनच भय जन्मले. आटत्या पाण्यातील माशांसारखी एकमेकांविरुद्ध तडफडणारी माणसे पाहून आपल्याला उद्वेग आला. या सुत्ताचा संबंध अट्ठकथेने शाक्य-कोलीयांच्या भांडणाशी लावला आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात याच सुत्ताकडे वाचकांचे लक्ष वेधले होते. तेव्हा सामग्री जुनीच आहे. बाबासाहेबांनी केले ते असे की भांडण बुद्धत्वानंतरच्या काळातून उचलून गृहत्यागाच्या आधी आणून ठेवले.

एवढ्या एका बदलाने उताऱ्याचा सगळा भार हलला. आता नदीवर पूज्य तथागत येत नाहीत. आता संथागारात २८ वर्षांचा एक सभासद बसलेला आहे, ज्याला इतरांसारखेच एक मत आहे. आठ वर्षांपूर्वी त्याने संघाच्या सभासदत्वाची शपथ घेतलेली आहे. आणि तो हरतो.

वाचकहो, हे 'हरतो' आपण वाचनाच्या ओघात ओलांडून जातो. सेनापती कोलीयांविरुद्ध युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ म्हणतो की आगळीक आपल्याही माणसांनी केली असे ऐकिवात आहे, तेव्हा आपणही निर्दोष नाही. त्याची उपसूचना अशी : दोघे आपण निवडावेत, दोघे कोलीयांनी निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. उपसूचना मतास टाकली जाते आणि प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. मग मूळ ठराव येतो. सिद्धार्थ पुन्हा उभा राहतो. शाक्य आणि कोलीय एकमेकांचे आप्त आहेत, त्यांनी परस्परांचा नाश करू नये असे सांगतो. ठराव संमत होतो.

या ठिकाणी सेनापती जे उत्तर देतो ते नीट ऐकण्यासारखे आहे. तो म्हणतो की क्षत्रियाने युद्धात आप्त आणि परका असा भेद करायचा नसतो; राज्यासाठी सख्ख्या भावाशीही लढले पाहिजे. यज्ञ ब्राह्मणाचा, युद्ध क्षत्रियाचा, व्यापार वैश्याचा, सेवा शूद्राची. ज्याने त्याने आपापले कर्म करावे अशी शास्त्राज्ञा आहे. हा युक्तिवाद आपण कोठे ऐकला आहे? रणांगणावर समोर आप्तेष्ट उभे आहेत, एक योद्धा धनुष्य खाली ठेवतो, आणि त्याला त्याच्या वर्णाचे कर्तव्य सांगून पुन्हा उभे केले जाते : भगवद्गीतेचा आरंभ असाच आहे. बाबासाहेबांनी गीतेवर स्वतंत्र लेखन केलेले होते, त्यामुळे ही जुळणी योगायोगाने झाली असे मला वाटत नाही. गीतेचे नाव न घेता त्यांनी तोच प्रश्न पुन्हा मांडला आहे. मात्र तेथे जे उपदेशकाच्या मुखी होते ते येथे सेनापतीच्या मुखी आहे, आणि ज्याचे मन वळायचे तो येथे वळत नाही. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचले तर दिसते की भांडण एकच आहे, भाऊबंदांचे. संघर्षही जवळजवळ एकच आहे, 'लढू की नको'. पण अर्थ एकमेकांच्या विरुद्ध टोकाला गेले आहेत. गीतेत संशय हा दोष आहे आणि तो दूर केला जातो. येथे संशय हीच शहाणपणाची सुरुवात आहे.

तरीही खरा पेच अजून आलेला नाही. तो दुसऱ्या दिवशी येतो.

दुसऱ्या दिवशी सेनापती नवा ठराव आणतो : २० ते ५० वर्षांच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात दाखल व्हावे. आदल्या दिवशी ज्यांनी युद्धाविरुद्ध मत दिले होते तेही सभेत बसलेले आहेत. त्यांच्यासमोर प्रश्न असा की बहुमताचा निर्णय मानायचा की झुगारायचा. ते गप्प बसतात. बाबासाहेबांनी या गप्प बसण्याची नोंद मुद्दाम केली आहे. भाषणाची नोंद कोणीही करतो. सभेत कोण बोलले नाही हे लिहून ठेवणारा लेखक विरळा. आपले समर्थक मूक आहेत हे पाहिल्यावर सिद्धार्थ एकटा उभा राहतो आणि सांगतो की मी सैन्यात येणार नाही.

सेनापती त्याला शपथेची आठवण देतो. सिद्धार्थ शपथ नाकारत नाही. शाक्यांच्या हिताचे तन-मन-धनाने रक्षण करीन अशी ती शपथ होती, आणि हे युद्ध शाक्यांच्या हिताचे आहे असे मला वाटत नाही, एवढेच तो म्हणतो. मग धमकी येते. फाशी किंवा हद्दपारी द्यायची तर कोशलराजाची अनुमती लागेल आणि म्हणून आपण सुटू, असे सिद्धार्थाने समजू नये, असे सेनापती बजावतो. संघाजवळ दुसरा मार्ग आहे आणि त्याला कोणाच्याही अनुमतीची गरज नाही : सिद्धार्थाच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालायचा आणि त्यांच्या जमिनी जप्त करायच्या.

सामाजिक बहिष्कार! हे शब्द लिहिणाऱ्याने १९२७ साली आपल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' ठेवले होते. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले. परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. हे सर्व आठवून काही जण म्हणतात की रोहिणी म्हणजेच चवदार तळे. इतके सरळ समीकरण मांडू नये असे मला वाटते, कारण त्याने दोन्ही प्रसंग पातळ होतात. रोहिणीवर दोन्ही बाजूंचा पाण्यावर हक्क मान्य होता, वाटणीचा वाद होता. महाडला हक्कच नाकारलेला होता. मात्र एक धागा खरा आहे. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की हा लढा केवळ पाण्यासाठी नाही, माणूस म्हणून समानतेने उभे राहण्यासाठी आहे. पाण्याच्या भांडणाखाली दुसरा संघर्ष असतो हे त्यांनी तळ्याच्या काठी उभे राहून पाहिलेले होते. आणि बहिष्काराचे हत्यार राजदंडापेक्षा भारी का ठरते, हे सांगायला त्यांना कोणत्याही अट्ठकथेची गरज नव्हती. ते हत्यार गुन्हेगारावर पडत नाही, त्याच्या चुलीवर पडते. महाराष्ट्र विधिमंडळाला बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा २०१६ साली करावा लागला, यावरूनच या हत्याराची धार किती टिकली ते समजावे.

तर संघर्ष येथे आहे. आतापर्यंत सिद्धार्थाची निवड तत्त्वाची होती. नकाराची किंमत तो स्वतः देणार होता. आता ती किंमत शुद्धोदन, गौतमी, यशोधरा आणि राहुल यांच्यावर टाकली गेली. आपल्या विवेकासाठी दुसऱ्याला उपाशी ठेवण्याचा अधिकार मला आहे काय, हा प्रश्न कोणत्याही युद्धाच्या प्रश्नाहून अवघड आहे. आपल्यातील कित्येकांनी तो अनुभवलेला आहे. गावकीचे काम सोडले, मेलेली जनावरे ओढणे सोडले, देव्हाऱ्यातले देव काढले, त्या दिवशी किराणा बंद झाला तो एकट्या त्या माणसाचा नव्हे, त्याच्या तान्ह्या मुलाचाही. तत्त्वाच्या गोष्टी करणे अशा वेळी सोपे राहत नाही.

सिद्धार्थ काय करतो? तो शरण जात नाही, सैन्यात नाव घालीत नाही. पण कोशलराजाकडेही जात नाही. तो म्हणतो की शिक्षा मला द्या, माझे कुटुंब निरपराध आहे; मी राजाकडे दाद मागणार नाही. सेनापतीची अडचण अशी की गोष्ट राजाच्या कानावर जाणारच. तेव्हा वाट सिद्धार्थच सुचवतो : मी परिव्राजक होतो आणि देश सोडतो. हद्दपारीच, पण आपणहून घेतलेली.

काही वाचक येथे विचारतात की हे पळून जाणे नव्हे काय? त्याने राहून लढायला नको होते काय? प्रश्न रास्त आहे आणि तो दाबून टाकू नये. माझे मत असे की पळणारा माणूस ओझे दुसऱ्यावर टाकतो. येथे ओझे दुसऱ्यांवर पडले होते ते याने उचलून आपल्यावर घेतले. शिवाय दोन गोष्टी त्याने मोडल्या नाहीत. स्वतःची विवेकबुद्धी मोडली नाही आणि संघही मोडला नाही. बहुमत चुकले म्हणून त्याने दुसरी सभा भरवली नाही, बाहेरच्या राजाची फौज आपल्याच लोकांवर आणली नाही. आपल्या चळवळीत बहुमताविरुद्ध गेलेल्यांनी काय काय केले याचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. तो येथे उगाळण्यात अर्थ नाही. पण 'बहुमत मानले' आणि 'बहुमत मानले नाही' या दोनच रकाने असलेल्या वहीत सिद्धार्थाचे नाव कोठे लिहाल? त्याने निर्णय मानला नाही आणि निर्णय करणाऱ्यांना नाकारलेही नाही. मला तरी ही तिसरी जागा या उताऱ्यातली सर्वांत महत्त्वाची जागा वाटते.

यानंतर तो घरी येतो. वडील आणि गौतमी रडतात. यशोधरा रडत नाही. ती म्हणते की तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते. तुमच्याबरोबर मीही परिव्रज्या घेतली असती, पण राहुलला सांभाळायचे आहे म्हणून थांबते. आपल्या सभांतून या बोलण्याची त्याग म्हणून स्तुती होते आणि स्तुती करून आपण मोकळे होतो. पण तिच्या वाक्यातील 'पण' वाचा. निवड करण्याची बुद्धी तिच्यापाशी सिद्धार्थाइतकीच आहे. निवड करण्याची मोकळीक मात्र नाही. सिद्धार्थासमोर दोन वाटा होत्या आणि त्याने तिसरी काढली. तिच्यासमोर एकच होती. संथागारात तिला मत नव्हते, घरात मूल होते. बाबासाहेबांनी तिला झोपलेली दाखवली नाही, मध्यरात्री सोडून दिली नाही, तिच्याकडून संमती मागवली, हा परंपरेपेक्षा मोठाच बदल आहे. तरी तिच्या वाट्याचा संघर्ष त्या एका 'पण' मध्ये दुमडलेला राहतो. वाचनाच्या दिवशी एखाद्या भगिनीने हा भाग वाचावा आणि तेथे थोडे थांबावे, असे मला सुचवावेसे वाटते.

आणखी एक बारीक गोष्ट. सभेत एक शाक्य तरुण उठून म्हणतो की सिद्धार्थ गेल्याबरोबर युद्ध सुरू केले तर कोशलराजाला सगळे उमगेल, तेव्हा मध्ये थोडा काळ जाऊ द्यावा. युद्ध लांबणीवर पडते. सूचना भीतीपोटी आलेली आहे, तीत करुणा वगैरे काही नाही. परंतु त्या मधल्या काळात काय घडले ते आपल्याला राजगृहात कळते.

राजगृहात सिद्धार्थाला पाच परिव्राजक भेटतात आणि बातमी सांगतात. तो गेल्यानंतर शाक्यांमध्ये शांततेसाठी मोठी चळवळ उभी राहिली. स्त्रिया, पुरुष, मुले मिरवणुका काढून कोलीय आमचे भाऊ आहेत असे सांगू लागली. संघाला पुनर्विचार करावा लागला. शाक्यांनी पाच जण निवडले, कोलीयांनी पाच निवडले, आणि रोहिणीच्या पाण्याचा प्रत्येक तंटा सोडविण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमण्याचे ठरले. म्हणजे प्रचंड बहुमताने फेटाळली गेलेली ती उपसूचनाच थोड्या फरकाने संमत झाली! परिव्राजक म्हणतात की आता तुम्ही घरी जायला मोकळे आहात.

संघर्ष पाण्याचा असता तर ग्रंथ येथेच संपला असता. युद्धाचा असता तरीही संपला असता. घरी राहुल आहे, यशोधरा आहे, जमीन आहे, बहिष्काराची धमकी उरलेली नाही, आणि तो खरा ठरलेला आहे. परतण्यासाठी याहून चांगले कारण कोणते हवे? शाळेतल्या प्रश्नाचे 'शेवटी काय झाले' हे उत्तर येथे हाती येते. पण सिद्धार्थ स्वतःलाच विचारतो की मी युद्धामुळे घर सोडले. युद्ध संपले म्हणून माझा प्रश्न संपला काय? आणि त्याला दिसते की युद्ध हा एका मोठ्या प्रश्नाचा लहानसा भाग होता. कलह राजाराजांत आहे तसा क्षत्रिय-ब्राह्मणांत आहे, गृहस्थांत आहे, आई आणि मुलात आहे. राष्ट्राराष्ट्रांतील युद्ध कधी पेटते, कधी विझते. वर्गावर्गांतील कलह मात्र अखंड चालू असतो आणि जगातील दुःखाचे मूळ तेथे आहे.

या ठिकाणी मला पुन्हा त्या बांधाची आठवण होते. दोन्हीकडच्या सेवकांची मारामारी झाली, दोन्हीकडचे जखमी झाले, एवढे सांगून बाबासाहेबांच्या उताऱ्यातून ते सेवक निघून जातात. संथागारात त्यांना कोणी बोलावत नाही. सेनापती त्यांच्या वतीने बोलतो. सिद्धार्थ त्यांच्यातील काहींनी आगळीक केल्याचे सांगतो. जुन्या अट्ठकथेत निदान प्रश्न पायऱ्या उतरत त्यांच्यापर्यंत पोहोचला होता आणि उत्तर त्यांच्याच तोंडून मिळाले होते. तहाच्या बोलणीला पाच आणि पाच बसले; ज्यांच्या हातात रोज कुदळ आणि पाण्याची बारी होती त्यांपैकी त्यांत कोणी होते काय, हे उतारा सांगत नाही. ही उणीव आहे की बाबासाहेबांनी वाचकासाठी उघडी ठेवलेली जागा आहे, यावर वाद होऊ शकेल. मी तिला सिद्धार्थाच्या राजगृहातील विचाराशी जोडून वाचतो. तह झाला तो शाक्य आणि कोलीय या दोन कुळांत. बांधावरचा माणूस आणि संथागारातला माणूस यांच्यात तह झालेला नव्हता, आणि त्यांच्यात भांडण आहे असे त्या दिवशी कोणाच्या ध्यानातही आलेले नव्हते.

पाच परिव्राजकांना सिद्धार्थाने आपण घरी परतणार नाही असे सांगितले. त्याने विचार केला, आणि कपिलवस्तूच्या वाटेला न लागता तो आलार कालामाला भेटण्यासाठी वैशालीकडे निघाला.